मुक्कामी गाडीचे सातशे

"मॅम, मॅपवर तर साडेतीन तास दाखवतोय," निनाद केसकर म्हणाला.

मी गिरणीत उभी होते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट, आणि माझा गव्हाचा डबा रांगेत बराच मागे. गिरणीवाल्याने नेमका तेव्हाच पट्टा सुरू केला, त्यामुळे मला ओरडूनच सांगावं लागलं की मॅपवर जो रस्ता दिसतो त्यात नदी आहे, नदीवर पूल नाही, आणि असता तरी मॅप कधी एसटीने गेलेला नाही.

"पण मॅम, सहाशे हा फार चांगला रेट आहे. चंद्रपूर सिटीत आपण साडेतीनशे देतो."

"सिटीतलं दुकान माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. मी जाते, सोफ्यावर बसते, एसीची हवा खाते आणि घरी येऊन कुकर लावते. हे वेलगुडा आलापल्लीच्याही पुढे आहे. दोन दिवस जातात. अठराशे."

'अठराशे' म्हणताना पट्टा बंद झाला. सगळी गिरणी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या पुढे उभ्या असलेल्या धोटेकाकूंनी हळूच विचारलं, "पैठणी घेऊन राहिली का?"

पैठणी कसली. मी तेव्हा एका पुण्याच्या एजन्सीसाठी गुप्त ग्राहकाचं काम करायची. काम सोपं होतं. मोठ्या कंपन्यांना आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला कसं वागवतात ते बघायचं असतं, म्हणून त्या एजन्सीमार्फत खोटं गिऱ्हाईक पाठवतात. मी ते खोटं गिऱ्हाईक. दुकानात जायचं, चौकशी करायची, काही न घेता परत यायचं आणि कॉम्प्युटरवर अहवाल भरायचा. किती वेळाने विचारपूस केली, बसायला सांगितलं का, पाणी विचारलं का, भाव बरोबर सांगितला का, वरचे पैसे मागितले का. आपण कोण हे कळू द्यायचं नाही. कळलं तर ती भेट बाद, पैसेही बाद. आणि एका दुकानात एकदा गेलेल्या माणसाला वर्षभर पुन्हा त्याच दुकानात पाठवत नसत.

शहरातली कामं बरी होती. पण त्या वर्षी एका स्कूटर कंपनीने खेडोपाडी लहान लहान विक्री केंद्रं उघडली होती, आणि ती सगळी तपासायची होती. आधीच्या दोन खेपा मी गोंडपिपरी आणि चामोर्शीच्या पलीकडे करून आले होते, आणि दोन्ही वेळा पदरचे पैसे घालून. आमचे पिंपळशेंडे, म्हणजे माझे यजमान, कागद कारखान्यात हिशेबनीस. ते जेवताना म्हणाले, "कुंदा, लोक सहलीले पैसे देऊन जातात हे ऐकलं होतं. तू नोकरीले पैसे देऊन जाते." मी चिडले आणि बोलून बसले की यापुढे दूरच्या गावाला अठराशेच्या खाली पाऊल टाकणार नाही, नाही मिळाले तर कामच सोडीन. सोडायचं तर अजिबात मनात नव्हतं. माझ्या स्वतःच्या नावावर पैसे येणारं तेवढं एकच काम माझ्याकडे होतं, आणि त्याचं पासबुक मी कपाटात साड्यांखाली ठेवत होते.

निनादने मग ठेवणीतलं काढलं. बजेट वरून येतं. त्याच्या हातात काही नाही. माझं रेटिंग फार छान आहे, पण नकार दिला की सिस्टिम आपोआप खाली आणते, मग सिटीतली कामंही दुसऱ्यांना जातात. मी विचारलं, ही सिस्टिम कुठे बसते, मी तिच्याशीच बोलते. तो हसला. पोरगा वाईट नव्हता, माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. वाईट नसलेल्या माणसाशी घासाघीस करणं सगळ्यात अवघड, कारण त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

"सातशे, मॅम. लास्ट. त्यात प्रवास, जेवण सगळं. प्लीज, हे महिन्याच्या आत व्हायलाच हवंय."

गिरणीवाला माझा डबा हातात घेऊन उभा होता, मागच्या बायका पुढे सरकायला लागल्या होत्या. मी "बरं" म्हणाले. का म्हणाले ते अजूनही मला सांगता येत नाही. घरी येऊन पिंपळशेंड्यांना 'मिळाले पैसे' एवढंच सांगितलं, आकडा सांगितला नाही.

एजन्सीने माझ्यासाठी गोष्टही लिहून पाठवली होती. मी 'परिसरातील गृहिणी', वय पस्तीस ते पंचेचाळीस, दैनंदिन वापरासाठी स्कूटर घेण्याच्या विचारात. परिसर म्हणजे कोणता, हे लिहिणाऱ्याला विचारायला हवं होतं. चंद्रपूरहून सकाळची गाडी पकडली, आष्टीचा पूल ओलांडून आलापल्लीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. तिथून वेलगुड्याला एकच एसटी, दुपारी निघणारी आणि रात्री तिथेच थांबणारी मुक्कामी गाडी. ती सकाळी परत येते. निनादच्या मॅपला मुक्कामी गाडी हा प्रकारच माहीत नव्हता.

गाडीत मी सोडून सगळे एकमेकांच्या ओळखीचे. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "वेलगुडा. कोणाकडे जाता जी?"

हा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता. शहरात तिकीट मागताना कंडक्टर कोणाकडे जाता विचारत नाही. पण इकडे जंगलातल्या शेवटच्या गावाला, संध्याकाळी पोचणाऱ्या गाडीत, एकटी बाई पिशवी घेऊन बसली आहे म्हणजे ती कोणाकडे तरी जाणारच. कोणाकडेही नाही, असं उत्तर तिथे नसतं. तसं म्हटलं असतं तर त्याने मला उतरवून दिलं नसतं, पण पुढचा सगळा रस्ता गाडीने माझाच विचार केला असता. मी गडबडले. त्या गावातलं मला एकच नाव माहीत होतं, तेच तोंडातून निघालं.

"गंपावारांकडे. स्कूटरच्या दुकानात."

"किष्टय्याकडे." कंडक्टरचा चेहरा खुलला. त्याने मागे वळून गाडीला सांगितलं, "किष्टय्याच्या पाहुण्या आहेत." दोन बायकांनी सरकून मला खिडकीची जागा दिली. तिथेच माझ्या गुप्त कामाचं मातेरं झालं, आणि ते मीच केलं होतं.

वाटलं, गावात उतरून गर्दीत मिसळून जाऊ. गर्दी नव्हती. पिंपळाखाली गाडी थांबली तेव्हा किष्टय्या गंपावार स्वतः तिथे उभा होता, कारण त्याच्या दुकानाचे सुटे भाग त्याच गाडीने यायचे. कंडक्टरने खोकं आणि मला, दोघांनाही त्याच्या ताब्यात दिलं. पन्नाशीचा, ठेंगणा, कपाळाला गंध लावलेला माणूस. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं हे उघड होतं. पण त्याने 'तुम्ही कोण' असं विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चला जी."

वाटेत मी घाईघाईने गोष्ट सुधारून घेतली. माझी भाची दवाखान्यात नर्स आहे, तिची बदली या भागात व्हायची आहे, तिच्यासाठी स्कूटर बघायला आले. कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली. मी लगेच मुद्द्यावर आले, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं विचारलं.

"धंद्याचं उद्या पाहू," तो म्हणाला. "आधी हातपाय धुवा."

अहवालात रकाना होता: दुकानात शिरल्यापासून किती मिनिटांत पाणी विचारलं? मला पाणी मिळालं ते बादलीभर, चुलीवर तापवलेलं, आणि सोबत धुतलेला टॉवेल. त्याची बायको राजक्का माझ्याहून थोडी मोठी असेल. तिने माझा चेहरा बघितला आणि सरळ आत नेऊन बसवलं. तिला मी सांगितलेली भाचीची गोष्ट पुन्हा सांगायला लागले, तर ती म्हणाली, "होऊन जाईल जी तिची बदली," आणि भाताचं पातेलं उतरवायला गेली. भाचीला इतक्या मनापासून आशीर्वाद मिळत होता की ती नाही याची मलाच लाज वाटली.

जेवायला भात, तुरीचं घट्ट वरण आणि आंबाडीचं लाल तिखट लोणचं. मी लोणचं दोनदा मागून घेतलं. राजक्काने कसं करतात ते सांगितलं, आंबाडीचा पाला आधी तेलात परतायचा, मग चिंच. मी शहरातल्या माझ्या बिघडलेल्या लोणच्यांची कथा सांगितली. आम्ही हसलो. तिने अंगणात माझी खाट घातली, स्वतःची शेजारी घातली आणि झोपताना विचारलं की घरी सांगून आले ना, कोणी वाट बघत नसेल ना. मला कोणी हे इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं. निनादने तर नाहीच.

मी चरफडत पडून राहिले. राजक्कावर नाही, स्वतःवर. ज्याची तपासणी करायला आले त्याच्या अंगणात, त्याच्या चादरीखाली, त्याचं लोणचं खाऊन. हे सगळं सातशे रुपयांत.

सकाळी गाडी निघण्याआधी दुकान बघायचं होतं. दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत तीन स्कूटरी आणि कंपनीचा रंगीत फलक. किष्टय्याने माझ्यासाठी आधीच एक स्कूटर पुसून ठेवली होती. त्याने मला सगळं व्यवस्थित दाखवलं, हप्त्याची माहिती सांगितली, चालवून बघा म्हणाला, भाव सांगितला तो कंपनीच्या कागदावरचाच, एक रुपया वर नाही. मी मनातल्या मनात रकाने भरत होते. सगळे भरत होते. मला बरंच हलकं वाटायला लागलं. वाटलं, चला, माणूस चांगला आहे, अहवालही चांगला जाईल, कोणाचं काही बिघडलं नाही.

तेवढ्यात एक बाई आली. मैना तलांडी, पलीकडच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका. निळ्या काठाची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये रुमालात बांधलेले पैसे. तिची स्कूटर आधीच ठरलेली होती, आज उरलेले पैसे भरून ती घेऊन जाणार होती. किष्टय्याने नोटा मोजल्या, पावती लिहिली आणि म्हणाला, "अडीच हजार अजून लागतील बाई. कागदपत्राचे."

"कागदावर तर एवढंच आहे जी."

"ते वेगळे. त्याची पावती नसते."

मैनाबाईने पर्समधला दुसरा कप्पा उघडला. तो बहुधा दुसऱ्या कशासाठी राखून ठेवलेला होता. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मला तर हे कागदपत्राचे सांगितले नाहीत तुम्ही."

"तुमच्याकडून कसे घेऊ जी," किष्टय्या सहज म्हणाला. "तुम्ही पाहुण्या. घरी जेवल्या आमच्या."

मैनाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गावात कोणाचे पैसे लागतात आणि कोणाचे लागत नाहीत हे तिला ठाऊक होतं, फक्त ज्यांचे लागत नाहीत त्यांतली एक समोर बसलेली तिने नीट बघून घेतली. मग तिने नोटा काढून टेबलावर ठेवल्या. ती गेल्यावर मी किष्टय्याला, पाहुणी म्हणून जेवढ्या चढ्या आवाजात बोलता येतं तेवढ्या आवाजात, विचारलं की हे अडीच हजार कशाचे.

तो चिडला नाही, लपवलंही नाही. मला घरातली समजूनच सांगितलं. "गाडीची नोंदणी गडचिरोलीले होते. दोन खेपा माराव्या लागतात. जाणं-येणं, एक मुक्काम, दुकान बंद. कंपनी काय देते? नागपूरच्या शोरूमले जे कमिशन तेच मले. मी किती खेपा बोललो त्यांच्याशी. म्हणतात, मॅपवर तर तुम्ही जवळच आहात."

हे माझंच बोलणं होतं. गिरणीत पट्ट्याच्या आवाजात मी जे ओरडत होते, तेच हा माणूस शांतपणे बोलत होता. फरक एवढाच की मी पदरचे घातले, आणि त्याने मैनाबाईच्या पर्समधून घेतले. अंतराचे पैसे पुण्याची एजन्सी द्यायला तयार नाही, मुंबईची कंपनी द्यायला तयार नाही, आणि ते शेवटी भरले कोणी तर अंगणवाडीवाल्या बाईने. मला त्याचा राग आला, आणि रागावता येईना याचा आणखी राग आला.

गाडीने भोंगा दिला. राजक्का धावत आली आणि तिने माझ्या पिशवीत एक स्टीलचा डबा घातला. लोणचं. झाकणावर 'कि. गं.' कोरलेलं. "डबा घाईनं नका पाठवू," ती म्हणाली. "भाचीची बदली झाली की घेऊन या."

घरी येऊन मी अहवाल भरायला बसले. सगळी उत्तरं खरी होती. विचारपूस, लगेच. पाणी, हो. भाव, बरोबर. तुमच्याकडून वरचे पैसे मागितले का? नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून मागितले का, असा रकानाच नव्हता. बेरीज झाली शंभरपैकी शहाण्णव. चार मार्क गेले ते फलकावरचा दिवा लागत नव्हता म्हणून.

शेवटी 'इतर काही' अशी एक चौकट होती. मी तिच्यासमोर बराच वेळ बसले. पिंपळशेंडे मागून दोनदा डोकावून गेले. राजक्काचं लोणचं ताटात होतं आणि मैनाबाईचं ते बघणं डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मग मी लिहिलं: 'मी तिथे गिऱ्हाईक नव्हते, पाहुणी होते. दुकानदाराच्या घरी राहिले, जेवले. त्यामुळे वरील उत्तरांचा उपयोग नाही.' आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी निनादचा फोन आला.

"मॅम, तो शेवटचा रिमार्क काढून टाका ना. बाकी रिपोर्ट इतका छान आहे. तो असेल तर मला भेट बाद करावी लागते. तुमचे सातशे जातील."

"जाऊ दे."

"असं का करताय मॅम? क्लायंट खूश होईल, दुकानदारही खूश होईल. शहाण्णव मार्क आहेत."

"ते शहाण्णव मार्क मला मिळालेत, निनाद. तो माणूस पाहुणीशी कसा वागतो ते तुम्हाला कळलं. गिऱ्हाइकाशी कसा वागतो ते कळायला गिऱ्हाईक पाठवावं लागेल."

"तुम्ही गिऱ्हाईक म्हणूनच तर गेला होतात."

"सातशेत गिऱ्हाईक होता येत नाही." माझा आवाज चढला होता, पण या वेळी गिरणी नव्हती, घरात एकटीच होते. "सातशेत मुक्कामी गाडीने जावं लागतं. मुक्कामी गाडीने गेलं की कोणाच्या तरी अंगणात झोपावं लागतं, आणि त्या गावात मला त्याच्याशिवाय कोणी माहीत नव्हतं. मी अठराशे कशाला मागत होते? तेव्हा मलाही वाटलं, दमणुकीचे मागते आहे. ते जीपचे होते. सकाळी जायचं, दुकान बघायचं, आपल्या पैशाने जेवायचं आणि कोणाचं काही न लागता परत यायचं. ते तुम्ही दिले नाहीत. मग ते त्या माणसाने दिले, जेवण घालून. आणि आता मी त्याला मार्क देऊ?"

निनाद म्हणाला, "मी वर बोलतो मॅम." हे तो नेहमीच म्हणायचा.

सातशे बुडाले, आणि पिंपळशेंड्यांना आकडाही कळला. प्रवासाचे गेले ते वेगळे. पण भेट बाद झाल्यामुळे ती महिन्याच्या आत पुन्हा करणं भाग होतं, आणि नियमाप्रमाणे मला पाठवता येत नव्हतं. एजन्सीच्या साइटवर वेलगुडा पुन्हा कामांच्या यादीत आलं. सातशे. कोणी घेतलं नाही. हजार झालं. दीड हजार. आमचे पिंपळशेंडे रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, आज वेलगुडा कितीले गेलं? शेवटी अठ्ठावीसशे झाले, गाडीभाडं वेगळं, आणि नागपूरचा कोणी पोरगा जीप करून गेला. सकाळी गेला, संध्याकाळी परत. त्याने तिथे पाणीसुद्धा प्यायलं नसणार. मी मागितले त्याच्या दीडपट पैसे, माझ्याच भांडणामुळे, दुसऱ्याच्या खात्यात गेले. पिंपळशेंडे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्या दिवशी त्यांना वाढलं नाही.

राजक्काचा डबा रिकामा झाला होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, म्हणून मी त्यात पोह्यांचा चिवडा भरला, वरून कापड बांधलं आणि आमच्या आगारातून आलापल्लीला जाणाऱ्या कंडक्टरकडे दिला. त्याने तो मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा, त्याने किष्टय्याकडे. तिकडे सामान असंच जातं. आठवडाभराने डबा परत आला. कापड सुटलेलं नव्हतं.

"दुकान बंद झालं जी," आमच्याकडचा कंडक्टर म्हणाला. "कंपनीनं काढून घेतलं. वरचे पैसे घेतले म्हणून. नवरा-बायको गाव सोडून मुलीकडे गेले, कुठंसं तेलंगणात." मग त्याने सांगितलं की आता तिकडच्या लोकांना स्कूटर घ्यायची तर आलापल्लीला यावं लागतं, जायचे-यायचे दोन दिवस मोडतात. मी विचारलं, कंपनीने तिथे दुसरं दुकान नाही दिलं का. तो म्हणाला, इतक्या दूर कोण घेईल?

मी निनादला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, हो, नागपूरच्या त्या पोराकडे वरचे पैसे मागितले होते, क्लायंटने ते ठिकाणच यादीतून काढलं, एकदम प्रॉब्लेम सॉल्व्ह. मग म्हणाला, "पण मॅम, तुमचा तो रिमार्क वर गेला. दूरच्या गावांना आता अठराशे केलेत. गाडीचे वेगळे. तुमच्यामुळेच झालं." त्याला खरंच आनंद झाला होता. मी मागितलेलं सगळं मला मिळालं होतं, आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण काय म्हणून ओरडायचं ते सापडेना.

काम मी सोडलं नाही. दोन महिन्यांनी सिरोंच्याच्या बाजूचं एक गाव आलं. अठराशे. मी जीप केली. पहाटे निघाले, वाटेत हॉटेलात थाळी खाल्ली, पैसे दिले, पावती घेतली. दुकानात एक तरुण पोरगा मोबाइलवर काहीतरी बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही. शेजारच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता, त्याने मात्र मला गाडीतून उतरताना पाहिलं होतं.

"कोणाकडे आल्या जी?" त्याने विचारलं.

"कोणाकडेच नाही," मी म्हणाले.

त्याला पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही. त्याने बिडी पेटवली आणि रस्त्याकडे बघत बसला. मी दुकानात अर्धा तास उभी होते. भाव विचारला, हप्ते विचारले, पोराने फलकाकडे बोट दाखवलं. ऊन भयंकर होतं, जीपमधली बाटली केव्हाच संपली होती. मी दोनदा घसा खाकरला. कोणाचं लक्ष नव्हतं.

रात्री घरी येऊन अहवाल भरला. पाणी विचारलं का? मी 'नाही' लिहिलं. हे एजन्सीला हवं होतं तसं उत्तर होतं, अगदी अनोळखी गिऱ्हाइकाचं, आणि त्याचे पूर्ण अठराशे मिळाले. मग उठले, राजक्काच्या डब्यातला तो परत आलेला चिवडा, तोवर पार सादळलेला, तसाच मूठभर खाल्ला आणि माठातून तांब्याभर पाणी काढून घेतलं.